काशीहून काय आणलंस?

एकदा एका गावात एक वृद्ध कीर्तनकार राहत होते. उभा जन्म त्यांनी गंगावतरणाचं आख्यान लावलं. भगीरथाचं तप, शंकराच्या जटा, काशीचे घाट असं रंगवीत, की ऐकणाऱ्याला आपलं धोतर भिजल्यासारखं वाटावं. गंमत अशी, की बुवांनी स्वतः गंगा कधी पाहिलीच नव्हती. तरुणपणी ऐपत नव्हती, पुढे सवड नव्हती, आणि सवड झाली तेव्हा गुडघ्यांनी दगा दिला. आता लांबचा प्रवास विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी बुवा न जेवताच निजले, असं त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, सांगत.

बुवांजवळ एक शिष्य होता. पोरका झाल्यावर बुवा-काकूंनीच त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. बुवांनी त्याला एके सकाळी जवळ बसवून म्हटलं, "माझं काही आता जाणं होत नाही. तू जा. माझ्यासाठी गंगा पाहून ये."

शिष्याचा बुवांवर फार जीव. बुवांचं काही म्हणजे काही निसटू नये म्हणून त्यानं चांगल्या कॅमेऱ्याचा नवा फोन घेतला आणि गाडीत बसल्यापासून तो खिडकीबाहेर धरला. वाटेत नर्मदेचा पूल आला. डब्यातल्या सगळ्यांनी हात जोडले. याचे हात गुंतलेले होते. काशीला पोचल्यावर तर विचारूच नका. घाट टिपले, नावा टिपल्या, आरतीचा एकेक दिवा टिपला. गंगास्नानसुद्धा पठ्ठ्यानं एकाच हातानं उरकलं, कारण दुसऱ्या हातानं फोन पाण्याबाहेर उंच धरला होता. जमेल ते सगळं तो बुवांच्या शेजाऱ्याकडे पाठवी. पण शेजाऱ्याचा निरोप येई, की बुवा बघायला तयार नाहीत; तू आल्यावर तुझ्याकडूनच घेईन म्हणतात. याचं शिष्याला थोडं वाईटही वाटलं.

तो परतला तेव्हा काकूंनी पुरण घातलं होतं. काशीहून आलेल्याच्या पायांवर पाणी घालायचं आणि वयानं थोर असणाऱ्यांनीही त्याला नमस्कार करायचा, अशी त्या घरची रीत होती. काकू तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्याच होत्या. पण शिष्याला दम कुठला? त्यानं घाईघाईनं फोन पुढे केला आणि आधी हे बघा म्हणून बुवांच्या मागे लागला.

बुवांनी फोन हातात घेतला. उपरण्याच्या टोकानं नीट पुसला. मग गुडघ्यांवर हात टेकत ते स्वयंपाकघरात गेले, तांदळाचा डबा उघडला, फोन खोल तांदळात पुरला आणि झाकण घट्ट बसवलं. काकू तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. बाहेर येऊन बुवांनी शिष्याला पाटावर बसवलं आणि स्वतः समोर सतरंजीवर बसून हात जोडले.

"हं, बोला बुवा. आज आम्ही श्रोते."

शिष्य गोंधळला, पण बोलू लागला. घाट किती विस्तीर्ण, दीपमाळा किती तेजस्वी, प्रवाह किती धीरगंभीर. दोन-चार वाक्यांतच त्याच्या ध्यानात आलं, की हे शब्द बुवांचेच आहेत. बुवांच्या आख्यानातलं उचलून तो बुवांनाच परत करीत होता. बुवांनी ते सगळं आदबीनं ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, "पाणी गार होतं का रे?"

शिष्याची नजर नकळत स्वयंपाकघराकडे गेली. मग त्याचा चेहराच उतरला. ज्यांनी आपल्याला वाढवलं त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, आणि तीच आपण करून आलो नाही, हे त्याला लख्ख कळलं. त्याचे डोळे भरून आले.

"बुवा, मी गंगा पाहिलीच नाही."

बुवांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अरे, जे केलंस ते माझ्यावरच्या मायेनंच केलंस, हे का मला कळत नाही? त्या यंत्रावरही माझा राग नाही. ते बिचारं जिकडे धरशील तिकडे बघतं. पण पाहायचं काम तू त्याला दिलंस आणि स्वतः त्याचा हमाल झालास. शिदोरी घरापर्यंत जपून आणलीस, बाळा, पण वाटेत उपाशी राहिलास. उपाशी माणूस दुसऱ्याला चव काय सांगणार? बरं, मला सांग, सगळा वेळ ते हातातच होतं का?"

शेवटच्या दुपारी फोनचं चार्जिंग संपलं होतं, असं शिष्य म्हणाला. मग काय केलंस, असं बुवांनी विचारलं. काही नाही, चिडून पायरीवर बसून राहिलो, असं त्यानं सांगितलं.

"तेच सांग," बुवा म्हणाले.

शिष्य आठवू लागला. शेजारी नावेत नावाडी खिचडी शिजवत होता आणि मोहरीच्या तेलाचा वास नाकात भरत होता. एक म्हातारी घाट उतरत होती, एकटीच, शेवाळावरून जपत. तिनं याच्यापुढे हात केला. तिची भाषा याला कळेना, पण घाबरलेला हात कुठल्याही भाषेत कळतो. दोन्ही हातांनी धरून त्यानं तिला पाण्यात उतरवलं. तिनं त्याचं मनगट इतकं घट्ट धरलं, की बोटांचे वळ उठले. पाणी आधी सुईसारखं टोचलं, पाय बधिर झाले, आणि जरा वेळानं तेच पाणी मायेचं वाटू लागलं. म्हातारीनं डुबकी मारली, वर आली, आणि हसत ओंजळभर पाणी याच्या डोक्यावर ओतलं. ते मानेवरून पाठीत उतरलं.

मध्येच तांदळाच्या डब्यात फोन घुमला. कुणीच उठलं नाही.

बुवांचे डोळे मिटलेले होते. त्यांचा हात हळूहळू पुढे सरकला आणि सतरंजीच्या कडेबाहेर, खाली शहाबादी फरशीवर बोटं टेकून थांबला.

"गार आहे रे," ते म्हणाले. "चांगलंच गार आहे."

मग काकूंकडून तांब्या मागून घेऊन बुवांनी आपल्या हातानं शिष्याचे पाय धुतले आणि त्यांवर डोकं ठेवलं. शिष्यानं पाय मागे घेतले नाहीत. बुवा आपल्यापाशी थांबलेले नाहीत, आपल्यातून पुढे, घाटापर्यंत पोचले आहेत, हे त्याला उमगलं होतं.

आपणही प्रवासाला निघतो तेव्हा घरी कुणीतरी वाट पाहत असतं. त्यांच्यासाठी तरी दोन्ही हात मोकळे ठेवावेत.