चिंचेवरचे अर्जदार

विषय : झिजलेल्या दातांच्या जागी नवे दात मिळण्याबाबत.

फार वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या वानराने वनराजाकडे हा अर्ज केला. त्याला कोवळा पालाही चाववेना, उपासमार होऊ लागली. वनराजाने पाठवलेल्या वैद्य अस्वलीणबाईंनी जबडा तपासला.

"आजोबा, चिंच खाता?"

"दिवसभर. पण खाल्ली की लगेच वणव्याच्या राखेने खसाखसा घासतो हो! अस्वच्छता आपल्याला खपत नाही."

"आंबटाने दात मऊ पडतात, त्यावर लगेच राखेची घासणी; त्यातच दात गेले. नवे उगवायचे नाहीत. उरलेल्यांना टोप्या बसवते, पण चिंच कमी करीन, नुसती चूळ भरीन, राख लावणार नाही, असं आधी लिहून द्या."

आजोबा कागद घेऊन विचार करायला चिंचेवर चढले.

अर्जदाराची सही अद्याप आलेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.