हिरव्या रोपाचं मूळ

फार पूर्वी, जिथे कोंबड्याच्या आधी हातोड्यांचे ठोके ऐकू यायचे अशा एका गावात एक तांबट राहत होता. नवी भांडी तो तेजाबाने धुवायचा आणि उरलेलं, तांबं उतरून निळसर झालेलं पाणी परसात ओतायचा. त्याचा बापही तेच करायचा, आजाही.

परसात सावली हवी म्हणून तांबटाने आंबा, जांभूळ आणि करंज लावले. आंबा उगवला, पिवळा पडला आणि मेला. जांभळाने जेमतेम पानं काढली आणि मान टाकली. करंजाचं एक रोप मात्र हिरवंगार राहिलं.

"जमीन चांगलीच आहे, आंबा नाजूक!" तांबट म्हणाला आणि त्याने तिथेच पालक पेरला. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला पालकाची पातळ भाजी खावीशी वाटत होती.

तांबटाची सून भारी घाबरट. भांडं पडलं की दचकायची, आणि त्या घरात भांडी पडायचीच! पण एक प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. एकाच मातीत दोघं मेले, मग करंज कसा जगला?

पालक हाताशी आला. लेक परडी घेऊन निघाली.

"वन्सं, जरा थांबता?"

"का गं वहिनी, आता पालकालाही घाबरलीस?"

सून सासऱ्याकडे वळली. "मामंजी, इथे तांब्याचं पाणी मुरलंय. तो करंज उपटून बघू?"

"जगलंय ते एकच रोप, आणि तेच उपटणार? अगं, तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण रोज पितो. तांब्याने कुणाचं वाईट झालंय?"

सून करंजापाशी जाऊन वाकली. काहीच निघालं नाही, तर सगळे आयुष्यभर चिडवणार. पण थांबलं, तर पालक वन्संच्या ताटात जाणार. तिने डोळे मिटले आणि रोप ओढलं.

ते इतकं अलगद हातात आलं की तीच दचकली!

मग तिने पुढच्या अंगणातून त्याच वयाचा दुसरा करंज मुळासकट काढून आणला आणि दोन्ही रोपं शेजारी ठेवली. पानं जवळजवळ सारखीच. पण अंगणातल्या रोपाचं मूळ लांब, पांढरं, केसांसारख्या तंतूंनी भरलेलं. परसातल्याचं आखूड, जाड, जळल्यासारखं काळपट. खाली जायचं सोडून ते बाजूला वळलं होतं, जणू वाट शोधत होतं.

"अगंबाई!" लेक म्हणाली. "वरून तर काहीच कळत नव्हतं."

"याने सगळा त्रास मुळाशी ठेवला, वन्सं. पालकाने कुठे ठेवला असेल? पानांत ठेवला असेल तर?"

लेकीच्या हातातली परडी खाली गेली.

तांबटाने खाली बसून ते काळं मूळ बोटांत धरून उलटसुलट पाहिलं. मग उठला, पालक उपटून खड्ड्यात पुरला आणि सुनेला म्हणाला, "बाजारातून ताजी जुडी आणतो. आणि यापुढे तेजाबाचं पाणी कुणी परसात ओतू नका. त्याच्यासाठी पक्कं टाकं बांधू."

"आणि मामंजी, तोवर ते ठेवायचं कुठे?"

तांबटाने विकायला काढलेला सगळ्यात मोठा हंडा ओढून पुढे केला.

तात्पर्य: जो तक्रार न करता तग धरून आहे, तो सुखात आहे असं समजू नये, त्याला काय सोसावं लागतंय, ते वाकून बघावं.