मौन सोडवायचं राहिलं

"मी त्याला मारलं नाही, बुवा. उपाशी ठेवलं नाही. मग माझं चुकलं कुठं?"

सकाळपासून धुंडिराजचा हाच एक घोशा चालला होता. सोपानगिरीबुवा ओसरीवर लसूण सोलत बसले होते. ते सोलतच राहिले.

धुंडिराज हा बुवांचा थोरला शिष्य. माणूस सरळ, पण शिस्तीचा गर्व भारी. नदीकाठच्या त्या मठात वाट चुकलेली पोरं येत. त्यातलं एखादं सुधारलं की "हा माझ्या हाताखालून गेलाय बरं का" असं हा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. बुवा काही बोलत नसत.

प्रज्वल त्या पोरांपैकीच. मोटारसायकलवरून डोक्यावर आपटला आणि उठला तो दुसराच कुणी होऊन. घटकेत रडे, घटकेत ताट भिरकावी. कधी भिंतीआड कुणी आपल्याला हाका मारतंय म्हणे. दुखण्याच्या गोळ्या घेता घेता नशेच्या गोळ्यांवर गेला. त्याच्या आईनं, सिंधूताईंनी, दवाखाने पालथे घातले, हात टेकले आणि शेवटी त्याला मठात आणून सोडलं.

इथं आल्यावरही तो मठ डोक्यावर घ्यायचा. ऐन आरतीत शिव्या! म्हणून धुंडिराजनं त्याला मौन दिलं.

मठाची रीत अशी की ज्यानं मौन दिलं, त्यानंच गूळ भरवून ते सोडवायचं. तोवर जीभ हलवायची नाही.

आणि नवल बघा, पोरानं ते पाळलं. हूं की चूं नाही! धुंडिराजला काय आनंद झाला म्हणता.

अधूनमधून ते पोरगं दोन्ही हातांनी डोकं दाबून त्याच्यापुढं येऊन उभं राही. धुंडिराजला वाटे, गोळ्यांसाठी सोंग करतोय. तो ओठांवर बोट ठेवी आणि त्याला परत पाठवी.

मग एके दुपारी प्रज्वल कुंपणावरून गेला. कुठून तरी गोळ्या मिळवल्या आणि नको तेवढ्या घेतल्या. घाटाच्या पायरीवर पडलेला सापडला. जीव वाचला. पण शुद्धीवर आल्यापासून तोंडातून शब्द नाही.

"डॉक्टर म्हणतात, बहुतेक वाचा गेली," धुंडिराज सांगत होता. "कुठं दुखतंय, काय होतंय, काही कळत नाही. लिहून घ्यावं तर पेन धरायची ताकद नाही हातात. सांगितल्याशिवाय ते तरी इलाज कशावर करणार? आईला ओळखतो. तिच्याकडं बघून रडतो. पण बोलत नाही..."

बुवांचा हात थांबला.

"मौन कुणी दिलं होतं त्याला?"

"मी."

"सोडवलंस?"

धुंडिराज ताडकन उभा राहिला.

"बुवा, असं कसं होईल? एवढं जिवावर बेतलेलं असताना कुणी..."

"चल," बुवा म्हणाले. आत जाऊन त्यांनी गुळाचा खडा घेतला.

एस.टी.त धुंडिराज मनातल्या मनात शब्द जुळवत होता. माफी कशी मागायची, काय म्हणायचं, सगळं. दवाखान्यात खाटेवर ते वाळकं पोरगं दिसलं आणि त्याला एकही शब्द आठवेना.

उशाशी सिंधूताई बसल्या होत्या. बुवांना बघून त्या उठल्या.

"या पोराच्या हातून काही म्हणता काही पुरं होत नव्हतं, महाराज," त्या म्हणाल्या. "शाळा नाही, नोकरी नाही. तुमच्या मठातलं मौन तेवढं नीट जमलंय, असं मला पाटीवर लिहून दाखवलं होतं त्यानं. केवढा खूश होता..."

धुंडिराजला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

त्यानं गुळाचा खडा प्रज्वलच्या ओठांशी नेला.

"प्रज्वल... तुझं मौन सुटलं रे, बाळा."

पोरानं त्याच्याकडं पाहिलं. विश्वास बसेना. मग बुवांकडं पाहिलं. बुवांनी मान हलवली.

त्यानं गूळ चघळला, गिळला. ओठ हलले.

"डोकं," तो म्हणाला. "डोकं फार दुखतंय. इथं, मागं. पडलो तेव्हापासून दुखतंय..."

सिंधूताईंनी हंबरडा फोडला आणि डॉक्टरांना हाका मारत धावत सुटल्या. प्रज्वल आता थांबेना. दुखणं सांगता सांगता ओरडू लागला, रडू लागला. मग शिव्या. धुंडिराजला, मठाला, मोटारसायकलला, देवाला.

शेजारच्या खाटेवरचा पेशंट कुरकुरला. नर्स दारातून म्हणाली, "अहो, हळू जरा!"

धुंडिराजचं बोट सवयीनं ओठांकडं निघालं.

बुवांनी त्याचं मनगट धरलं आणि हात खाली आणला. डॉक्टर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

डॉक्टरांनी पोराला तपासलं, कुठं दुखतंय ते त्याच्याच तोंडून ऐकलं आणि लगबगीनं तपासणीसाठी आत नेलं. दोघं बाहेरच्या बाकावर बसले. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान धुंडिराजला नव्हतं.

"ते पोर माझ्यापुढं येऊन उभं राहायचं, बुवा. डोकं धरून. आणि मी..."

त्यानं हात जोडले.

"मला प्रायश्चित्त द्या. मी मौन घेतो. जन्मभराचं."

बुवांनी मान हलवली. नाही.

"का पण? माझी तेवढीही लायकी नाही?"

आतून पोराचं ओरडणं ऐकू येत होतं. बुवांनी डोळे मिटले.

"लायकी माझी नाही, धुंडिराज. तो गप्प होता ना... तेव्हा मला झोप फार छान लागायची."