सव्विसावा टोल

एकदा एका माळावरच्या ख्रिस्ती गावात एक वृद्ध पाळक राहत होते, आणि शांतवन नावाचा त्यांचा शिष्य. त्या गावी कोणी वारले की देवळाच्या घंटेचे मृताच्या वयाइतके टोल देण्याची रीत होती. घंटा सुरू झाली की गाव हातातले काम टाकून मोजत बसे.

शांतवन हुशार होता, आणि ती हुशारी त्याला जरा चढलीही होती. हे सारे घडेपर्यंत ही पिढी सरणार नाही, या जगाच्या अंताविषयीच्या प्रभूच्या भाकिताने त्याला पछाडले होते. पिढी म्हणजे किती वर्षे? स्तोत्रात माणसाचे आयुष्य सत्तर वर्षांचे, बळ असल्यास ऐंशी, असे सांगितले आहे. त्यावरून त्याने जगाच्या अंताचे साल काढले. त्या सालाला अजून अकरा वर्षे होती.

ओढ्यापलीकडच्या गावी त्याची आई अंथरुणाला खिळली होती. जुन्या भांडणापायी तो तिकडे फिरकत नसे. तिचा निरोप आला की म्हणे, “जाईन की. अजून अवकाश आहे.”

एके दिवशी भर दुपारी पाळक म्हणाले, “शांतवन, घंटा वाजव. मी हात वर केला की थांब.”

“कोण वारलं, बाबा?”

“तू वाजव तर.”

वारा पडला होता. दहाव्या टोलापर्यंत विहिरीवरचा रहाट थांबला. विसाव्याला कुत्रीसुद्धा गप्प झाली. चोवीस. पंचवीस. सव्विसाव्या टोलाला पाळकांनी हात वर केला.

शांतवन सव्वीस वर्षांचा होता. त्या वयाचे गावात दुसरे कोणीच नव्हते. देवळाच्या फाटकाशी जमलेली माणसे त्याच्याकडे पाहत होती.

“बाबा, मी जिवंत आहे,” तो कसाबसा म्हणाला.

“आहेस. दोर ओढताना ती अकरा वर्षं आठवली का?”

“नाही. आई आठवली.”

पाळकांनी त्याच्या हातातून दोर सोडवला. “पिढी किती वर्षांची, ते मला या वयातही उमगलेलं नाही. तो दिवस पित्यावाचून कोणाला ठाऊक नाही. पण प्रभू ‘ही पिढी’ म्हणाला, तेव्हा समोर ऐकणारी माणसं होती. आज ऐकणारे आपण आहोत. पिढीचे टोल ऐंशी असतीलही, तुझे किती ते कोण सांगणार? गावाची क्षमा मी मागतो. तू नीघ.”

शांतवन अनवाणीच निघाला. दिवस कलता कलता तो ओढ्यात उतरला, आणि पलीकडच्या गावची घंटा सुरू झाली. तो थिजला. एक. दोन. जगाच्या अंताचे साल काढणाऱ्या त्याला आईचे वय काही केल्या आठवेना. तीन.

मग घंटा थांबली. ते संध्याप्रार्थनेचे टोल होते. शांतवन रडत रडत आईच्या गावाकडे धावत सुटला.