वाटेत खायची परडी

फार फार पूर्वीची, डोंगरांना अजून नावं पडली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगरउतारावरच्या गावात एक माळीण राहायची. तिच्या स्ट्रॉबेऱ्यांची गोडी पंचक्रोशीत कुणाच्या फळांना नव्हती. रोपांखाली ती सुकं गवत पसरायची, म्हणजे फळ मातीला टेकत नसे. ऊन चढायच्या आत ते देठासकट अलगद तोडायची. पण त्या वर्षी गावचा झरा आटला आणि तिच्या रोपांनी माना टाकल्या.

अशातच राजाने दवंडी पिटवली. राजमाता आजारातून उठल्या होत्या, पण त्यांची अन्नावरची वासना उडाली होती. जो त्यांच्या तोंडाला चव आणील, त्याने हवं ते मागावं!

सगळं गाव माळिणीच्या दारात गोळा झालं. "बाई, माथ्यावरच्या राजाच्या तळ्यातून आपल्याला पाण्याचा पाट मागून आण. आता तूच काय ती आशा."

माळिणीला एकच घोर लागला. राजमातेच्या दाताखाली मातीचा कण आला तर? तिने निघायच्या आदल्या संध्याकाळीच रोपांवरची शेवटची फळं खळखळून धुतली, देठं काढली आणि मोठी टोपली शिगोशीग भरली. उरलेली मूठभर वेडीवाकडी फळं वाटेत खायला म्हणून तशीच, देठासकट, परडीत सुक्या गवतावर सुटी सुटी मांडली.

तिचं गाढव बघत होतं. त्या काळी गाढवंही बोलत, आणि पुष्कळदा शहाण्यासारखं बोलत. ते म्हणालं, "घरच्या फळांना तू खायच्या वेळेआधी कधी आंघोळ घालत नाहीस."

"ही घरची नाहीत, राजवाड्याची आहेत. तू गप बस!"

वाट दोन दिवसांची होती. दुसऱ्या दिवशी गाढव कुरकुरलं, "माझी पाठ भिजतेय गं." माळिणीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

राजवाड्यात राजमातेपुढे टोपलीवरचं फडकं काढलं आणि तिला रडूच कोसळलं. तळच्या फळांचा चिखल झाला होता, वरच्यांवर बुरशी धरली होती. दासींनी नाकाला पदर लावले. बिचारीच्या डोळ्यांपुढे गावाची सुकलेली शेतं उभी राहिली.

"परडी दाखव की!" अंगणातून गाढव ओरडलं.

"ती नको, आईसाहेब," माळीण ओशाळून म्हणाली. "ती आमची वाटेत खायची, तशीच राहिलेली. वाकडी आहेत, धुतलेलीसुद्धा नाहीत."

"मग आत्ता धू," राजमाता म्हणाल्या.

माळिणीने तिथेच फळं धुतली, देठं खुडली आणि पानावर वाढली. राजमातेने एक फळ तोंडात टाकलं. मग दुसरं. मग पानच पुढ्यात ओढून घेतलं.

"इतकी छान राखता येतात तुला, मग त्या टोपलीचं असं का गं केलंस?"

"तुम्ही मोठ्या, आईसाहेब. घरच्यापेक्षा जास्त करायला गेले."

राजमाता कितीतरी दिवसांनी हसल्या. "पुढच्या वेळी मला घरचीच समज. आणि माग, काय हवं ते."

थंडी सरायच्या आत पाट गावात आला आणि वाफे पुन्हा लाल झाले. नव्या हंगामातली पहिली परडी गाढवाला मिळाली, आणि तीही धुऊन, अगदी वेळेवर.

तात्पर्य: पाहुणा कितीही मोठा असो, त्याच्या पानात थाट वाढू नये, घरच्यांसाठी घेतो ती काळजी वाढावी.