मामा नेमका कोणाचा?

बंदरावरच्या एका इवल्याशा संस्थानात गोपजी दुभाषी होता. सोमवारी हबशी व्यापारी 'मामा' म्हणाला, तेव्हा गोपजीने अर्थ सांगितला आई. मंगळवारी काळ्या समुद्राकडचा गुर्जी, म्हणजे जॉर्जियाचा, सौदागर 'मामा' म्हणाला, तर सांगितला बाप! झालं, दरबारातले त्र्यंबकशास्त्री कडाडले, "सरकार, मामा म्हणजे आईचा भाऊ, हे शेंबडं पोरही सांगेल. हा लबाड मनाला येईल ते ठोकून देतो!"

सरकारांनी फर्मावलं, "उद्या दुपारपर्यंत पटवून दे, नाहीतर चाकरी गेली म्हणून समज."

गोपजी बंदरावर धावला, पण दोन्ही गलबतं केव्हाच निघून गेली होती. साक्षीला आणायचं कोणाला?

दुसऱ्या दिवशी तो दरबारात आला, तो सात महिन्यांच्या नातीला कडेवर घेऊन. "शास्त्रीबुवा, तुम्हीच म्हणालात ना शेंबडं पोर सांगेल? हे घ्या, विचारा."

"बोल गं, मामा म्हणजे कोण?" शास्त्री खेकसले. पोरीने भोकाड पसरलं, "मामामामा!"

गोपजी हात जोडून म्हणाला, "सरकार, हिला अजून एकही भाषा येत नाही. भूक लागली की कुठलंही लेकरू असंच रडतं. मग कुठे आई धावली, कुठे बाप, आपल्याकडे आईचा भाऊ. जो धावला, त्याला ते नाव चिकटलं."

इतक्यात पोरीने शास्त्रीबुवांकडेच हात पसरले, "मामामा!"

सरकार खो खो हसले. "दुभाष्याची चाकरी कायम! आणि शास्त्रीबुवा, तुम्ही मात्र जागचे हलू नका, नाहीतर नाव चिकटेल."