शहाणपणातला पण

एका राज्यात राजा होता. नाव प्रज्ञासेन. फार शहाणा. आपण शहाणे आहोत हे तो स्वतःच सकाळ-संध्याकाळ सांगे, त्यामुळे कुणाला विसरायची सोय नव्हती.

एकदा एका वेड्याने धान्याचं कोठार पेटवलं. आत दोन माणसं होती. राजाने राख पाहिली आणि हुकूम काढला, "आजपासून शहाणे या काठी, वेडे त्या काठी." राज्याच्या मधून नदी वाहतच होती. राजमांत्रिकाने एक काळी नाव मंतरली. तिच्यातून पलीकडे उतरलं की माणूस घरच्यांना विसरे. म्हणजे मागे वळून बघणं नको.

नाव भरभरून जाऊ लागली. आधी कोठार जाळणारा गेला. मग झाडांशी बोलणारा गेला. मग भरल्या ताटावरून उठून नाचणारी गेली. शेवटी मेखला जादूगारणीला धरून आणलं, कारण ती राजाला म्हणाली होती, "तुझं चुकतंय."

मेखला नावेत बसली नाही. पाण्यावर पाऊल ठेवून म्हणाली, "राजा, तुझं शहाणपण तुला लखलाभ. त्यातला 'पण' तेवढा मी नेते." आणि नदीवरून चालत गेली.

त्या घडीपासून राज्यात कुणाला 'पण' म्हणता येईना. 'परंतु' गेलं, 'तरीही' गेलं, सगळी भावकीच गेली. गवंडी म्हणाला, भिंत आधी बांधू, पाया मग घालू. सगळे म्हणाले, बरं. वैद्य म्हणाला, खोकला झाला की कान बांधा. सगळ्यांनी बांधले. दरबारात इतकी शांतता कधी नव्हती. राजा खूश झाला. आमच्या घरी कुणी माझं पहिल्या फटक्यात ऐकलं, तर मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघते, अंगात ताप तर नाही ना. राजाला तेवढं सुचलं नाही.

मग एके दिवशी राणी चंद्रावळ भर दरबारात एकटीच हसली.

प्रधान म्हणाला, "एकटा हसतो तो वेडा. राणीसाहेब एकट्या हसल्या."

राजाचे ओठ हलले. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, शब्द सापडेना. "बरं," तो म्हणाला. दिवस कलताना राणीची नाव सुटायची ठरली.

राजकन्या कनकलेखा घाटावर येऊन रडू लागली. तिथे एक साळुंकी बसली होती.

"रडतेस काय?"

"आई मला विसरणार."

"विसरेल, पण तू अजून बसून का?" पक्ष्यांना शाप लागला नव्हता. पक्ष्यांचं कुणी ऐकत नाही, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. "जा, मेखलेकडून पण घेऊन ये. कासवाच्या पाठीवर बस. आणि नीट बोल, म्हातारा आहे तो."

"कासवकाका, पलीकडे नेता का?"

"नेतो. पाय हलवू नकोस, गुदगुल्या होतात."

पलीकडे मेखला झाडाखाली बसली होती. शेजारी तांब्याची घागर. घागरीला एका नागाचे तीन वेढे. आत 'पण' भुंग्यासारखा गुणगुणत होता.

"पण हवा?" मेखला म्हणाली. "मग तीन पण जिंक. हरलीस तर नाग डसेल. पहिला पण. मला हाकललं ते चूक, हे माझ्यापेक्षा चांगलं सांग."

"कोठार एकाने जाळलं," राजकन्या म्हणाली. "बाबांनी त्याच्यामागून नाचणारी पाठवली, बोलणारा पाठवला, खरं सांगणारी पाठवली. आपल्याला कळत नाही ते सगळं वेड, असं ठरवलं. म्हणून आज आईची पाळी आली."

एक वेढा सुटला.

"दुसरा पण. तुझ्या बापाचं बरोबर, हे त्याच्यापेक्षा चांगलं सांग."

या पणाला मी तरी तिथेच डसून घेतलं असतं. दुसऱ्याची बाजू मी ऐकून घेते, तीही पुढचं उत्तर जुळवण्यापुरती. राजकन्येने बाबांच्या काठाकडे वळून पाहिलं.

"बाबांनी त्या राखेतून हाडं स्वतःच्या हातांनी वेचली," ती म्हणाली. "एक आई त्यांना विचारत होती, राजा असून तुम्ही काय केलंत? तेव्हापासून कुणी मोठ्याने ओरडलं की ते दचकतात. आपलंही डोकं फिरेल, असं त्यांना वाटतं. नदी त्यांनी स्वतःच्या भीतीसाठी मध्ये घातली."

मेखलेने डोळे पुसले. "हे त्याने मला सांगितलं असतं तर!"

"तू विचारलं असतंस तर," मागून आलेली साळुंकी म्हणाली.

दुसरा वेढा सुटला.

"तिसरा पण. आता दोन्ही बाजू एका दमात सांग. मध्ये घालायला तुझ्याजवळ 'पण' नाही, हे मला ठाऊक आहे."

राजकन्येने तोंड उघडलं. "बाबांचं बरोबर..." पुढे 'पण' येईना. नागाने फणा काढला. नदीत काळी नाव अर्ध्यावर आली होती. नावेतून राणीने लेकीला पाहिलं आणि ती ओरडली, "अगं वेडे, तू तिथे कशी? शहाणी गं माझी बाय ती!"

राजकन्या खुदकन हसली.

"ऐकलंत? एका दमात म्हणाली. मी तिला वेडीही वाटते, शहाणीही वाटते. घराघरात या दोन शब्दांच्या मध्ये नदी नसते. नुसता श्वास असतो."

तिसरा वेढा सुटला. 'पण' घागरीतून उडाला आणि जो पहिला माणूस वाटेत भेटला त्याच्या जिभेवर बसला. तो होता काळ्या नावेचा भिवजी नावाडी. त्याच्या जिभेवरून 'पण' सगळ्यांकडे पसरत गेला.

"महाराज!" भिवजीने वल्हं थांबवून घाटावर उभ्या राजाला हाक दिली. "राणीसाहेब हसल्या खऱ्या, पण तुमचा मुकुट उलटा होता! दरबाराच्या दारात उभा होतो, हसू मलाही आलं होतं."

राजाने डोक्याला हात लावला. तसाच कमरेइतक्या पाण्यात उतरला.

"चंद्रावळ, मागे फीर!"

"येते. पण पलीकडचे सगळे येतील."

"पण कोठार जाळणारा?"

"त्याच्यावर माणूस ठेवू. त्याच्या हाती विस्तव द्यायचा नाही, जेवण द्यायचं."

"पण लोक काय म्हणतील?"

"पण म्हणतील. म्हणू द्या."

राजाने हुकूम मागे घेतला आणि नावेची भूल उतरली. त्या काठावरची माणसं आपापल्या घरच्यांना नावाने हाका मारू लागली, आणि या काठावरून ओ येऊ लागली. मेखला दरबारात परतली. तिने रीत घातली, की ज्याला वाद घालायचा त्याने आधी समोरच्याची बाजू मांडायची. समोरचा "हो, हेच म्हणायचं होतं" म्हणाला, की मगच आपली. निवाड्यांना वेळ लागू लागला, आणि गवंडी आधी पाया घालू लागले.

राजा-राणीचं भांडण अजून मिटलेलं नाही. राज्य सुखात आहे. तुमच्याही घरचं भांडण असंच सुखाचं होवो.